पाहुण्याची चहाडी

माझ्यावर कॉपीचा आळ आला तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. शाळेत कधी चिठ्ठी नेली नाही, शेजारणीच्या पेपरात मान लांब करून बघितलं नाही, आणि आता केस पांढरे झाल्यावर कॉपी? तीही कशाची, तर भूकंपाची! ऐकणाऱ्याला हसू येईल. मला त्या दिवशी आलं नव्हतं.

आमचं ऑफिस भूकंप मोजतं. जुन्या इमारतीचा वरचा मजला, मनात आलं तर चालणारी लिफ्ट, भिंतीवर पडदे आणि पडद्यांवर अखंड सरकणाऱ्या रेघा. किनाऱ्याला धरून ठिकठिकाणी आमची यंत्रं जमिनीत बसवलेली आहेत. अगदी टोकाचं, खडकावरचं केंद्र माझ्याकडे. केंद्र म्हणजे फार काही मनात आणू नका. ते माझ्या आत्याचं तळघर आहे. मी नोकरीला नवी होते तेव्हा साहेबांना शांत, पक्का खडक हवा होता, आणि मी म्हटलं, आमच्या आत्याच्या घराखाली खडकच आहे, दुसरं काही नाही. तेव्हापासून यंत्र तिथे. आत्या त्याला 'पाहुणा' म्हणते. "जेवत नाही, बोलत नाही, जायचं नाव काढत नाही," असं वर सांगते.

टेकडीआड नेटवर्क येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा मी बसने जाते, यंत्रातलं कार्ड काढते, नवं घालते, आत्याकडे चहा पिते आणि परत येते. कार्डावरचं सगळं ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये मीच भरते. हे लक्षात ठेवा, कारण माझं मानगूट तिथेच धरलं गेलं.

आमचे साहेब इथे यायच्या आधी कॉलेजात होते. परीक्षेला सुपरव्हायझर म्हणून त्यांची अशी दहशत होती म्हणे, की हुशार मुलंसुद्धा त्यांना बघून आठवलेलं विसरायची. अजून चालताना हात मागे बांधून चालतात, दोन बाकांच्या मधून चालल्यासारखे.

"बसा," ते म्हणाले. ते 'बसा' म्हणाले की समजावं, उभं राहिलेलं बरं.

टेबलावर दोन कागद होते. "हा यंदाचा धक्का. हा काही वर्षांपूर्वीचा. एकावर एक ठेवा आणि खिडकीच्या काचेला धरा."

मी धरले. उजेडात दोन रेघांची एक रेघ झाली. प्रत्येक चढ, प्रत्येक उतार, शेवटची थरथरसुद्धा. केसाएवढा फरक नाही.

"मधे असाच अजून एक आहे," साहेब म्हणाले. "तिन्ही तुमच्या केंद्राचे. दुसऱ्या केंद्रांवर धड दिसतही नाहीत. चाळणीनं तिन्हींवर एकच शिक्का मारलाय. नक्कल."

'चाळणी' हा आमच्याकडचा प्रोग्राम. आलेल्या माहितीतला कचरा काढतो, आणि एकच नोंद दोनदा आली तर शिक्का मारून बाजूला काढतो. तो लिहिणाऱ्या सहकाऱ्याचं आडनाव वेगळंच आहे, पण सगळे त्याला चाळणीकर म्हणतात. तो कोपऱ्यात उभा राहून बुटाच्या टोकाकडे बघत होता.

"दोन उत्तरपत्रिका शब्दन् शब्द सारख्या आल्या तर आम्ही काय समजायचो, बाई?"

"दोघींनी एकच गाईड पाठ केलं असंही असू शकतं, साहेब."

चाळणीकरला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. साहेबांना आलं नाही. "कार्ड तुम्ही आणता, तुम्हीच भरता. एखाद्या वेळी यंत्र बंद पडलं असेल, जागा रिकामी राहिली असेल. जुना तुकडा उचलून तिथे चिकटवायला कितीसा वेळ लागतो?"

माझं डोकंच फिरलं. डोकं फिरलं की माझ्या तोंडाला ब्रेक राहत नाही, हे सगळ्या मजल्याला माहीत आहे. "मला चिकटवायचंच असतं ना, तर चांगला मोठा, पेपरात फोटो येईल असा चिकटवला असता! हा चिलटाएवढा धक्का कशाला चोरू?"

"सोमवारी बोलू," साहेब म्हणाले. "तुमचं म्हणणं पुराव्यानिशी मांडा. नाहीतर ते यंत्र उचलून आणावं लागेल. आणि तुमच्याबद्दल... बघू."

'बघू' म्हणजे काय, हे ज्यानं आयुष्यभर नोकरी केलीय त्याला सांगायला नको. नोकरी गेली तरी माझं पोट कसंही भरलं असतं. पण खोटारडी म्हणून जाणं! आत्यानं मला वाढवलं. आईवडील गेले तेव्हा तिनं एका हातानं शाळेतली नोकरी आणि दुसऱ्या हातानं मला सांभाळलं. त्या बाईला जाऊन काय सांगू, तुझी भाची भूकंपांची चोरी करताना पकडली, आता पाहुण्याला घेऊन जायला टेम्पो येतोय?

आता तुम्ही विचाराल, मग खरंच भूकंप इतके सारखे येतात का? येतात. हे साहेबांनाही पुस्तकातून ठाऊक होतं. पण आमच्या टोकाला येतात हे त्यांना मान्य नव्हतं, कारण त्यांच्या नकाशावर ते टोक 'घट्ट अडकलेलं' म्हणून लाल रंगवलेलं होतं, आणि नकाशा त्यांनी स्वतः काढलेला होता.

मी सोपं करून सांगते. आमच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालचा खडक जमिनीच्या खडकाखाली शिरतोय. घरात जड कपाट सरकवताना बघा. चार पायांपैकी एकाला रबराचं बूच असेल तर काय होतं? तीन पाय हळूहळू, आवाज न करता घसरत जातात. चौथा चिकटून बसतो. बाकीचे पुरेसे पुढे गेले की चौथा 'टक्' करून उडी मारतो आणि पुन्हा चिकटतो. पाय तोच, बूच तेच, म्हणून 'टक्' ही तोच. तो टक् म्हणजे आमचा चिलटाएवढा भूकंप. त्याला स्वतःला काही किंमत नाही. पण तो सांगतो, की कपाट सरकतंय. कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही, जमीन हलत नाही, कप फुटत नाही, तरी सरकतंय. आणि किनाऱ्याचा एक भाग असा मोकळा होऊन पुढे सरकला की ताण पडतो तो शेजारच्या, खरोखर अडकलेल्या भागावर. आमच्या शेजारी बंदर आहे, बंदरामागे शहर आहे. तेव्हा ही काही माझ्या एकटीच्या अब्रूची गोष्ट नव्हती. पण खरं सांगू? त्या आठवड्यात मला बंदर दिसत नव्हतं, शहर दिसत नव्हतं. मला फक्त साहेबांचे ते दोन कागद दिसत होते.

घरी आले आणि आत्याला फोन लावला. तिच्याकडे जुना लँडलाईन आहे.

"कशी आहेस गं?"

"ठणठणीत! मला काय धाड भरलीय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. कितीही वर्षं, कुठल्याही दिवशी, हेच शब्द, हाच सूर. "आणि तुझा पाहुणाही मजेत आहे."

"मागे एक बारीक धक्का आला, तो जाणवला का तुला?"

"जाणवला की. कपाटातल्या बश्या किणकिणल्या. लगेच खाली जाऊन पाहुण्याला बघून आले. म्हटलं, घाबरला असेल बिचारा."

"तू आणि तुझी चेष्टा," मी म्हटलं. आळाबद्दल काही बोलले नाही. "या महिन्यात येतेच ठरल्या दिवशी."

"ये. फोन करून ये हो."

दुसऱ्या दिवशी मी चाळणीकरच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. माणूस वाईट नाही, पण त्याचा प्रोग्रामवर जीव आहे, पोटच्या पोरावर असावा तसा. पोरानं काचा फोडल्या तरी 'काच कच्ची होती' म्हणणारा.

"ताई, चाळणी चुकत नाही," तो म्हणाला. "तिन्ही नोंदी एकच आहेत."

"चाळणी त्यातून काय काय काढते?"

"नेहमीचा कचरा. लाटा, ट्रक, दारं, कुत्री. आणि तुमच्या केंद्राच्या बाबतीत तुमच्या आत्याबाईंची पावलं."

हे खरं होतं. सुरुवातीला मीच त्याला सांगितलं होतं, की आत्या घरात चालली की यंत्रावर उमटतं. ती पीटीची शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी चालणं तेच, छाती पुढे, डावा-उजवा, डावा-उजवा. ती स्वयंपाकघरातून दारापर्यंत गेली तरी कागदावर दाभणटाके घातल्यासारखे ठोके पडायचे. तेव्हापासून ते गाळले जात होते. आम्ही बघायचो ती धुतलेली, पुसलेली रेघ.

"कचरा काढायच्या आधीचं दाखव," मी म्हटलं.

"त्यात काय असणार?"

"कचरा!"

"मग तो कशाला बघायचा?"

"अरे बाबा, झेरॉक्स काढली तर मूळ कागदावरचा चहाचा डागही उतरतो की नाही? मी जुना तुकडा उचलून चिकटवला असेन तर तिन्हींवर एकच डाग असेल. मग मी चोर. तू टाळ्या वाजव. पण डाग वेगळे निघाले, तर तुझी चाळणी घेऊन आपण दोघं भजी तळू."

त्यानं तीन कच्च्या नोंदी उघडल्या.

धक्का तिन्हींत तोच, जसाच्या तसा. पण धक्क्यानंतर! पहिल्या नोंदीत धक्का शमतो न शमतो तोच ठोके सुरू होत होते. लहान, मग मोठे, मग अजून मोठे, म्हणजे कुणीतरी तळघराच्या पायऱ्या उतरत यंत्राजवळ येत होतं. थोडा वेळ शांतता. मग ठोके लहान होत वर गेले होते. दुसऱ्या नोंदीत ठोके उशिरा सुरू झालेले, अंतर जास्त. तिसऱ्यात तर सगळंच निराळं, ठोके कमी, मधे मधे लांबट पुसट रेघोट्या.

आत्या खरंच खाली जात होती! मी चेष्टा समजले होते. दर धक्क्याला ती बाई पाहुण्याची चौकशी करायला तळघरात उतरत होती.

"वेगळे!" मी ओरडले. सगळा मजला वळून बघायला लागला. "तिन्ही वेगळे आहेत! धक्का तोच, डाग वेगळा! बघ, डोळे फाडून बघ!"

चाळणीकर चष्मा वर सरकवून तिसऱ्या नोंदीवर वाकला होता. "ताई, या तिसऱ्यात जरा..."

"ते सोमवारी!" मी म्हटलं. मला नाचावंसं वाटत होतं. लिफ्ट बंद होती तरी जिने उतरताना गुणगुणत होते.

सोमवारी साहेबांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. मी नवी साडी नेसून गेले होते. असं का, ते मला विचारू नका. पडद्यावर मी तिन्ही नोंदी एकाखाली एक लावल्या आणि सांगायला सुरुवात केली. धक्का तिन्हींत सारखा. कारण तोच तुकडा पुन्हा पुन्हा तुटतोय. तो तुटतोय कारण भोवतीचा खडक गुपचूप घसरतोय. आणि पहिल्या-दुसऱ्यात जेवढं अंतर होतं, त्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्यात कमी आहे, म्हणजे घसरण वेग धरतेय. हे चिकटवलेलं नाही याचा पुरावा धक्क्यानंतरच्या ठोक्यांत आहे.

"हे ठोके कशाचे?" साहेबांनी विचारलं.

"ती माझी आत्या."

"आत्या?"

"धक्का बसला की ती यंत्राला भेटायला जाते. मी नोंद चोरली असती तर आत्याही तीच आली असती. बघा, तिन्ही वेळा निराळी आलीय."

साहेब उठले, हात मागे बांधून पडद्याजवळ गेले. पहिली नोंद बघितली. दुसरी बघितली. तिसरीजवळ बराच वेळ उभे राहिले. सुपरव्हायझर लोकांची नजर बाकी मानली पाहिजे.

"भूकंप सारखे आहेत, मान्य," ते म्हणाले. "नोंदी खऱ्या आहेत, तेही मान्य. माझा नकाशा बदलावा लागेल." हे वाक्य त्यांच्या घशातून बाहेर यायला किती कष्ट पडले असतील! मी मनातल्या मनात पेढे वाटत होते. "पण एक कळलं नाही, बाई. तुम्ही म्हणता ही तिन्ही वेळा एकच व्यक्ती. ही पहिली तर कवायत करतेय. आणि ही शेवटची कोण? ही तर कुणी पाय ओढत चाललीय. घरात दुसरं कुणी राहतं का?"

"नाही साहेब, आत्या एकटीच..."

आणि माझं तोंड बंद झालं. जे आयुष्यात कुणाला जमलं नाही ते त्या रेघेनं केलं.

मी बघितलं. पहिल्यांदाच बघितलं, कारण तोवर मी फक्त 'वेगळं आहे' एवढंच बघितलं होतं. एक ठोका. मग एक मऊ, दबका डाग. मग फरफट, लांब. पुन्हा ठोका, डाग, फरफट. प्रत्येक पायरीला थांबा. ती खाली पोचली, यंत्राजवळ उभी राहिली. मग वर जायला निघाली. ठोका, डाग, फरफट. थांबा. आणि मधेच एक मोठा आघात, धक्क्यापेक्षाही उंच, जड काहीतरी पडल्यासारखा. त्याच्यानंतर काही नाही. रेघ सरळ. लाटांची नेहमीची कुजबुज तेवढी. कागद पुढे, अजून पुढे, तरी काही नाही. मग केव्हातरी, खूप पुढे, पुन्हा एक ठोका.

ती तिथे पायऱ्यांवर पडली होती. एकटी. आणि माझ्या पाहुण्यानं तिच्याजवळ बसून ते सगळं लिहून घेतलं होतं, आणि मी ते आणून चाळणीत घातलं होतं.

"तेच सांगत होतो, ताई," चाळणीकर हळू आवाजात म्हणाला.

साहेबांनी पडदा बंद केला. खुर्चीवरची माझी पर्स उचलून माझ्या हातात दिली. "तुम्ही निघा," ते म्हणाले. "बाकीचं आम्ही बघतो." त्यांचं हे 'बघतो' त्या 'बघू'सारखं नव्हतं.

बसमध्ये खिडकीशी बसले आणि एकेक आठवायला लागलं. पूर्वी मी गेले की आत्या बस थांब्यावर यायची. मग फाटकापर्यंत यायला लागली. मग दारात. हल्ली मी जाते तेव्हा ती दाराजवळच्या खुर्चीत बसलेली असते, शेजारी थर्मासात चहा तयार. पूर्वी तळघरात माझ्याबरोबर बॅटरी धरून उतरायची. हल्ली म्हणते, "तू ये जाऊन, मी चहा ओतते." मी दर महिन्याला जात होते हो! दर महिन्याला तिला डोळ्यांनी बघत होते. दर वेळी मागच्या वेळेइतकीच बरी दिसायची. एकदम पडली असती तर सगळा गाव धावला असता. हळूहळू गेलं, म्हणून कुणाला कळलं नाही. आणि हळूहळू जाणाऱ्या गोष्टी पकडायचा मला पगार मिळतो. बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या बाईनं न विचारता रुमाल दिला, मी घेतला.

फोन न करता गेले. फाटक ढकललं, दाराशी उभी राहिले. खुर्ची रिकामी होती. आतून आवाज येत होता. ठक्. मग काहीतरी मऊ टेकल्याचा. मग फरशीवरून फरफट.

"कोण आहे?" आत्यानं आतून विचारलं.

"मी."

सगळे आवाज थांबले. मग ती स्वयंपाकघराच्या दारात दिसली. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात काठी. ती काठी मी कधी बघितलीच नव्हती. मी यायच्या आधी ती कुठे लपवायची, देव जाणे. काठीच्या टोकाला जुना लोकरी मोजा चढवून दोऱ्यानं गच्च बांधलेला होता.

"फोन न करता आलीस?" ती रागावून म्हणाली.

"पाहुण्यानं बोलावलं."

तिनं तळघराच्या दाराकडे बघितलं. मग तिच्या लक्षात आलं. "मेल्यानं चहाडी केली!" ती म्हणाली. "इतकी वर्षं घरात ठेवून घेतला, रोज विचारपूस केली, आणि शेवटी माझीच चहाडी!"

मी हसले, मग हसता हसता तिला मिठी मारली. ती हलकी झाली होती. तेही मला माहीत नव्हतं.

"पडलीस ना तळघरात?"

"पडले नाही. बसले."

"आत्या, मी कागदावर बघितलंय. बसण्याचा आवाज तसा नसतो."

"मग कशाला विचारतेस?"

मी तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या पायाशी बसले. डावा पाय थंडगार होता, बोटं आत वळलेली. "कधीपासून गं?"

"कळलं असतं तर सांगितलं नसतं का? आधी चप्पल निसटायची. म्हटलं, चप्पल सैल झाली. मग उंबरा लागायला लागला. म्हटलं, उंबरा उंच आहे. एकदम असं काही झालंच नाही."

"डॉक्टरला का नाही दाखवलं?"

"दाखवलं की तुला कळणार. तुला कळलं की तू येणार, मला उचलून तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ठेवणार, या घराला कुलूप लावणार. मग पाहुण्याकडे कोण बघणार? तुझं केंद्र बंद झालं असतं. एवढं एकच तर केंद्र आहे तुझ्या नावावर."

मी तिची काठी हातात घेतली. "आणि हा मोजा?"

ती जरा ओशाळली. आमची पीटीची बाई, जिच्या शिट्टीला अख्खी शाळा उभी राहायची, ती ओशाळली. "काठी फार वाजते गं फरशीवर. तुझ्या रेघा बिघडल्या असत्या. माझ्या पावलांचाच तुला किती त्रास! त्यात आणि हे."

मी दोरा सोडायचा प्रयत्न केला. गाठ तिच्या हातची, सुटेना. शेवटी दातानं तोडला आणि मोजा ओढून काढला.

"वाजू दे," मी म्हटलं. "आत्या, जोरात वाजव. बिघडू देत रेघा."

"तुझी नोकरी?"

"नोकरी तुझ्यामुळेच राहिली." मग मी तिला कॉपीच्या आळापासून सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि साहेबांना एक अशी शिवी दिली, की ती इथे लिहिता येणार नाही.

सगळं झाल्यावर मी पुन्हा विचारलं, "कशी आहेस?"

"ठण..." ती म्हणाली आणि थांबली. खिडकीबाहेर बघितलं. मग माझ्याकडे. "बरी नाहीये गं मी," ती म्हणाली. "भीती वाटते."

इतक्या वर्षांत ते वाक्य पहिल्यांदा आलं.

डॉक्टर म्हणाले, पाठीच्या मणक्यात नस दाबली जातेय, फार दिवसांपासून, इंच इंच. गेलेलं सगळं परत येणार नाही, पण पुढची घसरण थांबवता येईल. आत्याला मी तिसऱ्या मजल्यावर नेलं नाही. मीच इकडे आले. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'केंद्राला पूर्णवेळ देखरेखीची गरज', आणि सही करताना डोळा मारल्यासारखं काहीतरी केलं. त्यांना ते नीट जमत नाही. नव्या नकाशात आमचं टोक आता पिवळं आहे, लाल पट्टा बंदराकडे सरकलाय, आणि बंदरातले लोक वर्षातून दोनदा टेकडीवर पळायचा सराव करतात. कुरकुर करत करतात, पण करतात. चाळणीकरनं चाळणीतून 'नक्कल' हा शब्द काढून 'पुन्हा आला' असा घातलाय, आणि आमच्या केंद्राचा कचरा तो आता गाळत नाही, वेगळा जपून ठेवतो.

पुढचा धक्का मी अंदाज केला होता त्याच्या बराच आधी आला. दुपारी आत्या पेपर वाचत होती, मी भांडी पुसत होते. बश्या किणकिणल्या.

"पाहुणा!" आत्या म्हणाली आणि काठी शोधायला लागली. मी तिला 'नको' म्हणणार होते. म्हटलं नाही. दंड धरला आणि आम्ही दोघी पायरी पायरीनं खाली गेलो, यंत्राला हात लावून आलो.

नंतर मी पाठवलेल्या कार्डावरून चाळणीकरनं ती नोंद मोठ्या कागदावर छापून बसच्या कंडक्टरबरोबर पाठवली. धक्का तोच, केसाएवढा फरक नाही. आत्यानं चष्मा लावला आणि कागद मांडीवर घेऊन धक्क्यानंतरच्या ठोक्यांवरून बोट फिरवायला लागली.

"ही काठी. वाजतेय छान. हा माझा उजवा. ही फरफट माझ्या डाव्याची." मग तिचं बोट थांबलं. "आणि ही बेशिस्त कोण? एक ठोका लवकर, एक उशिरा. ताल नाही, काही नाही."

"मी."

"शाळेतही तुला कवायत जमली नाही," ती म्हणाली. "डावा-उजवा, डावा-उजवा. एवढं सोपं आहे."

मी तिच्या डाव्या पायासाठी थांबत होते, म्हणून माझा ताल चुकला होता. हे मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, "पुढच्या वेळी नीट टाकीन."